शेकाटे शून्य, वेली नऊ: जास्त धोक्यात कोण?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी तुम्ही आणि तुमच्या मैत्रिणीने दोन जीव निवडले: कोल्हापूरच्या रंकाळा तळ्यावरचा शेकाट्या हा लांब पायांचा पाणपक्षी आणि जिल्ह्याच्या पश्चिम भागातल्या एका देवराईतलं कंदीलपुष्प. जानेवारीत रंकाळ्यावर शेकाटे १४० भरले, ऑगस्टमध्ये एकही नाही. कंदीलपुष्पाच्या वेली गेल्या पावसाळ्यात १४ होत्या, यंदा ९. टक्केवारी काढली तर पक्षी शंभर टक्के घटला आणि फूल छत्तीस टक्के. मग अहवालात ‘शेकाट्या जास्त धोक्यात’ असं लिहायचं का, असं तुम्ही विचारलंय, आणि तसं लिहायला हात धजत नाही हेही कबूल केलंय.

हात धजत नाही हे चांगलंच आहे. लिहू नका. पण घाईने उलटं करून ‘कंदीलपुष्प जास्त धोक्यात’ असंही लिहू नका, कारण तुमच्याकडे आज जे आकडे आहेत त्यांवरून तेही सिद्ध होत नाही. मी बरीच वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आणि तेवढीच वर्षं हिवाळ्यात पहाटे उठून तळ्यांवर पाखरं मोजली. दोन्हीकडे भरपूर चुका केल्या. त्यातली एक तर अशी आहे की अजून खंत वाटते. ती पुढे सांगतो.

तुमचा प्रश्न वाचताना आकड्यांच्या आधी माझ्या नजरेत तारखा भरल्या. जानेवारी आणि ऑगस्ट. शेकाट्या हा वीतभर पाण्याचा पक्षी. चोच ते शेपटी पस्तीस-चाळीस सेंटिमीटर, त्यात अंगाच्या मानाने पाय इतके लांब की रोहित (फ्लेमिंगो) सोडला तर त्याच्याशी बरोबरी करणारं पाखरू सापडायचं नाही. तो उभा राहून खातो. काळी, सुईसारखी चोच पाण्यात आणि गाळात घालून अळ्या, किडे, बारक्या गोगलगायी टिपतो. म्हणजे त्याला पाणी हवं, पण पायाच्या उंचीइतकंच. (जाता जाता: मागे वाकणारा जो सांधा आपल्याला त्याचा गुडघा वाटतो, तो खरं तर घोटा असतो. गुडघा वर पिसांत दडलेला. अहवालात ‘गुडघाभर पाण्यात’ लिहिलंत तर परीक्षक हमखास पकडतील.)

आता ऑगस्टमधला रंकाळा डोळ्यांसमोर आणा. कोल्हापुरात जुलैभर पाऊस लागलेला, तळं तुडुंब, पाणी काठाला टेकलेलं. तळ्यातला दगडी संध्यामठ कितपत बुडालाय ते बघितलं तरी अंदाज येतो. अशा वेळी शेकाट्याने उभं राहायचं कुठे? तो मेला नाही, त्याला पाय टेकायला जागा उरली नाही एवढंच. तो गेला असेल पाणथळ शेतांकडे, दुसऱ्या एखाद्या उथळ डबक्याकडे, कदाचित आणखी लांब. आपल्याकडचे शेकाटे थव्याथव्याने पाण्यामागे फिरतात. पाणी ओसरून चिखलाची कड उघडी पडली की परत येतात. डिसेंबरात जा, दिसतील.

हे मी छातीठोकपणे सांगतोय कारण मीही हेच केलं होतं. सुरुवातीच्या काळात एका मे महिन्यात कळंब्याला मोजणी केली, मग भर पावसाळ्यात केली, आणि ‘कळंबा तलावावरील शेकाट्यांची चिंताजनक घट’ अशा मथळ्याचं टिपण लिहून एका ज्येष्ठ पक्षिमित्रांना दाखवायला नेलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, “मास्तर, पाणी किती होतं?” मी पाणी मोजलंच नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या वहीत पाखरांच्या रकान्याआधी पाण्याचा रकाना असतो. सोपं काम आहे. एका काठीला पाच-पाच सेंटिमीटरवर रंगाच्या खुणा करा, नेहमीच्या तीन-चार जागी काठाजवळ ती उभी धरा आणि आकडा टिपा. चिखलाची कड किती रुंद उघडी आहे ते पावलांनी मोजा. केंदाळाने, म्हणजे जलपर्णीने, किती काठ व्यापलाय तेही लिहा, कारण केंदाळाच्या गादीवर कमळपक्षी मजेत चालतात, पण शेकाट्याला तिथे चोच घालायला पाणीच दिसत नाही.

आणखी एक गोष्ट, जी रंकाळ्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाला एकदा तरी चकवते. शेकाटे वाढले म्हणजे तळं सुधारलं असं नसतं. नाल्याचं सांडपाणी जिथे मिसळतं तिथल्या गाळात तांबड्या अळ्यांचा खच पडतो. डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माश्यांच्या त्या अळ्या. इतर बऱ्याच जिवांना जिथे श्वास घेणं मुश्किल, तिथे त्या तग धरतात, आणि शेकाट्यासाठी ते आयतं ताट. म्हणून जानेवारीतले तुमचे १४० शेकाटे ही आनंदाची बातमी आहे की तक्रार, हे ते कुठे उभे होते त्यावर ठरेल. नाल्याच्या तोंडाशी गर्दी आणि बाकी काठ रिकामा असं असेल तर तो आकडा पक्ष्यापेक्षा पाण्याबद्दल जास्त बोलतो.

आता देवराईकडे वळू. तुम्ही पाठवलेल्या वर्णनात जात लिहिलेली नाही, नुसतं ‘कंदीलपुष्प’ आहे. इथे मला थोडं कडक व्हावं लागेल. कंदीलपुष्प म्हणजे सेरोपेजिया, रुईच्या कुळातली एक प्रजाती (जीनस). भारतात तिच्या पन्नासहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक जगात दुसरीकडे कुठे मिळत नाहीत. सड्यावरच्या गवतात बोटभर ताठ उभ्या राहणाऱ्या जाती वेगळ्या, आणि तुमच्या वेलीसारख्या झाडोऱ्याच्या कडेने झुडपांवर चढणाऱ्या वेली वेगळ्या. त्या वेलींतही सेरोपेजिया व्हिन्सिफोलिया सह्याद्रीत बऱ्याच ठिकाणी भेटते, तर सेरोपेजिया फँटास्टिकासारखी एखादी मोजक्याच जागांवरून माहीत आहे. तुमची वेल यातली कोणती, यावर ‘धोका’ या शब्दाचा सगळा अर्थ बदलतो. जात ठरवायला फुलाचे तीन फोटो लागतात: फुगीर तळ असलेली नळी बाजूने, वरच्या पाच पाकळ्यांची टोकं जुळून झालेला पिंजरा, आणि नळीच्या आत तळाशी असलेला कोरोना, म्हणजे मुकुटासारखा भाग. तिसऱ्यासाठी ताजं फूल तोडू नका. वेलीखाली गळून पडलेलं फूल मिळतं, ते उभं चिरा.

ते चिरलेलं फूल भिंगाखाली धरलंत की प्रकल्पाचं काम विसरून पाच मिनिटं नुसतं बघत बसाल. नळीच्या आत बारीक केस असतात आणि त्यांची टोकं खाली, तळाकडे वळलेली. बारकी माशी वासाने येते, पिंजऱ्याच्या फटीतून आत शिरते, घसरत तळाच्या फुगीर खोलीत पोचते. वर यायला गेली की केस आडवे. अडकली. ती तिथे फिरत राहते आणि त्या फिरण्यात तिच्या सोंडेला परागांची पिशवी चिकटते. पुढे केस कोमेजतात, फूल कलतं, दार उघडतं आणि माशी सुटते. आता ही शहाणी झाली असेल तर वेलीचं काही खरं नाही! पण ती दुसऱ्या फुलात पुन्हा फसते, म्हणूनच बी धरतं. एकदा एका गळलेल्या फुलात मला मेलेली माशी मिळाली होती, सोंडेला पिवळट ठिपका तसाच चिकटलेला.

हे सांगायचं कारण असं की या सगळ्या नाटकाला एकापेक्षा जास्त वेली लागतात, त्याही एकाच वेळी फुललेल्या आणि माशीच्या टप्प्यात. दुसऱ्या वेलीचा पराग मिळाला तर बी धरण्याची शक्यता चांगली. चौदाच्या नऊ झाल्या यापेक्षा त्या नवांतल्या एकाच आठवड्यात फुललेल्या किती, हा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आणि त्याहून महत्त्वाचा, शेंगा किती धरल्या हा. जोडीने येणाऱ्या, शिंगांसारख्या बारीक शेंगा ओळखायला अवघड नाहीत. पिकल्या की रुईसारखंच म्हातारीचं बी उडतं. माझ्या पाहण्यात फुलं डझनांनी असतात आणि शेंगा बोटांवर मोजण्याइतक्या.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारताय की दोघांत जास्त कोण घटलं. मी वर्गात असतो तर म्हटलं असतं, प्रश्न बदला. असं विचारा: ‘इथून गेलं, तर परत यायला काय लागेल?’ शेकाट्याच्या बाबतीत उत्तर आहे, पाणी चार बोटं उतरायला हवं. पंख असलेल्या जिवाला रंकाळा हा अनेक मुक्कामांतला एक मुक्काम. युरोप, आफ्रिका, आशिया असा त्याचा पसारा आहे आणि कोणती जात किती धोक्यात आहे ते सांगणाऱ्या जागतिक लाल यादीत तो सर्वांत कमी चिंतेच्या गटात मोडतो. कंदीलपुष्पाच्या बाबतीत उत्तर असं की जमिनीत जिवंत कंद असायला हवा. तो असेल तर वेल येईल. नसेल तर दुसऱ्या कुठल्या तरी वेलीचं म्हातारीचं बी वाऱ्याने नेमकं तिथे यायला हवं, रुजायला हवं, गुरांच्या तोंडातून वाचायला हवं, फुलण्याइतका कंद पोसायला हवा. आणि आसपास दुसरी वेलच नसेल, तर ते बी येणार कुठून?

म्हणून दोघांच्या शून्याची किंमत सारखी नाही. पाखराचं शून्य हे ‘आत्ता नाही’ असतं. वेलीचं शून्य ‘यंदा वर आली नाही’ असू शकतं किंवा ‘संपली’ असू शकतं, आणि वरून बघून ते कळत नाही.

इथेच तुमच्या १४ आणि ९ बद्दल शंका येते. जमिनीतल्या कंदावर जगणाऱ्या वनस्पती एखादं वर्ष वरच न येण्याची चाल खेळतात. जमिनीवरच्या ऑर्किडमध्ये हे चांगलं माहीत आहे. कंदीलपुष्पाच्या बाबतीत मी माझ्या खुणेच्या एका जागी एक पावसाळा काहीच पाहिलं नाही आणि पुढच्या वर्षी तिथेच हातभर वेल पाहिली. एका जागेवरून नियम काढू नये, पण सावध राहायला एवढं पुरे. शिवाय फूल नसलेली वेल हिरव्या गचपणात दुसऱ्या दहा वेलींसारखीच दिसते. गेल्या वर्षी तुम्ही कोणत्या आठवड्यात गेला होतात? यंदा कोणत्या? पाऊस कधी लागला? शोधायला किती जण होता? ही चार उत्तरं नसतील तर पाच वेलींचा फरक निव्वळ नजरेचाही असू शकतो.

नजरेचा फरक किती, ते मोजायची एक जुनी युक्ती आहे. ती मी विद्यार्थ्यांकडून दर वर्षी करून घ्यायचो. तुम्ही आणि तुमची मैत्रीण, दोघींनी वेगवेगळं शोधायचं. एकमेकींशी बोलायचं नाही, खुणा दाखवायच्या नाहीत, फक्त आपापल्या वहीत नकाशावर ठिपका. समजा तुम्हाला १२ वेली मिळाल्या, तिला १०, आणि नकाशे जुळवल्यावर दोघींना मिळालेल्या सामाईक वेली ८ निघाल्या. बाराला दहाने गुणा, आठाने भागा. पंधरा. म्हणजे दोघींनी मिळून प्रत्यक्ष पाहिल्या चौदा, पण अजून एखादी तुमच्या नजरेतून सुटली असावी. सामाईक वेली आठऐवजी पाचच निघाल्या असत्या तर अंदाज चोवीसवर गेला असता, आणि मग ‘मोजल्या तेवढ्याच आहेत’ असं म्हणण्याची हिंमत तुम्हीच केली नसती. ही पद्धत कोवळ्या रोपांना आणि फुललेल्या वेलींना वेगवेगळी लावा. फुललेली वेल लवकर दिसते, रोप नाही.

शेकाट्याची अडचण याच्या अगदी उलटी. काळा-पांढरा रंग, तांबडे पाय, उघड्या पाण्यात उभा, सुटणं अवघड. तिथे धोका एकच पाखरू दोनदा मोजण्याचा. रंकाळ्यावरून उठलेला थवा अर्ध्या तासात कळंब्याला किंवा राजाराम तलावावर बसला तर तुमच्या बेरजेत तो दोनदा येणार. म्हणून दोघींनी दोन तळी एकाच वेळी धरा, सकाळी सात ते साडेआठ, आणि थवा उडाला तर वेळ आणि दिशा लिहा. दहा-दहाचे गट पाडत मोजा. मोठा थवा असेल तर तीनदा मोजून मधला आकडा घ्या. आणि पिल्लं वेगळी मोजा. पहिल्या वर्षाच्या पाखराची पाठ काळी नसून तपकिरी असते आणि पाय फिकट. तो एकच रकाना तुम्हाला सांगेल की हे थवे नुसते येऊन-जाऊन आहेत की वाढतायत.

विणीबद्दल थोडं, कारण शेकाट्यालाही त्याचा नाजूक काळ आहे आणि तुलनेत तो यायला हवा. साधारण एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत कधीतरी तो पाण्याच्या कडेला जमिनीवरच घरटं करतो. शिरोळकडे पाणी लागून क्षारपड झालेल्या जमिनी आहेत. तिथल्या एका बांधालगत मी मे महिन्यात जोडी पाहिली होती. मातीच्या ढेकळांत चार अंडी, चिखलाच्याच रंगाची. ऊन असं की मला टोपीतही चक्कर येत होती. बसलेली मादी उठली, चालत पाण्यात गेली, पोट बुडवून ओलं केलं आणि परत येऊन अंड्यांवर बसली. थोड्या वेळाने नर आला, तोही पोट भिजवून. अंडी उबवणं म्हणजे ऊब देणं असं आपण समजतो. तिथे दोघं मिळून ती थंड ठेवत होती. असे बावीस ते सव्वीस दिवस काढायचे. मी आणखी दोन पावलं पुढे गेलो तर एकाने पंख मोडल्याचं सोंग घेतलं आणि फडफडत मला उलट्या दिशेने ओढायला लागला. मी मागे फिरलो. तुम्हीही फिरा. अशा वेळी कुत्रं, ट्रॅक्टर किंवा अवेळी सोडलेलं पाणी, कशानेही वीण वाया जाते. पण जोडपं जगलं तर पुन्हा अंडी घालू शकतं. हा फरक लक्षात ठेवा.

मग दोघांना एका फूटपट्टीने मोजायचंच नाही का? मोजता येतं, पण फूटपट्टी आधीपासून तयार आहे आणि ती टक्केवारीपेक्षा बरीच शहाणी आहे. लाल यादीचे निकष घट बघतात ती दहा वर्षांतली किंवा तीन पिढ्यांतली, जो काळ मोठा असेल तो. जानेवारी ते ऑगस्ट ही घट त्यांच्या हिशेबी घटच नाही, ती ऋतूची ये-जा. ते प्रौढ, म्हणजे पुनरुत्पादन करू शकणारे जीव मोजतात. म्हणून फुललेल्या वेली वेगळ्या लिहायला सांगितलं. एखाद्या जातीचे असे जीव जगभरात मिळून २५० पेक्षा कमी उरले तर तेवढ्यावरही ती संकटग्रस्त ठरते, ५० पेक्षा कमी असतील तर अतिसंकटग्रस्त. पण ‘जगभरात मिळून’ हे शब्द विसरू नका. तुमच्या नऊ वेली ही एका देवराईची गोष्ट आहे, जातीची नाही. नऊ आकडा पन्नासपेक्षा कमी म्हणून ‘अतिसंकटग्रस्त’ असं ठोकून देणारे अहवाल मी तपासलेत, आणि मार्क कापलेत.

दुसरी फूटपट्टी मला जास्त आवडते, ती वनस्पती-अभ्यासक डेबोरा रॅबिनोविट्झ यांनी १९८१ मध्ये मांडली. दुर्मीळपणा तीन प्रश्नांत वाटून घ्यायचा. पसारा मोठा की छोटा? कुठल्याही जागी जमतं की ठरावीकच जागा लागते? जिथे असेल तिथे भरपूर की तुरळक? शेकाट्याचा पसारा मोठा, वीतभर पाणी असलेली बरीच ठिकाणं चालतात, सापडला तर थव्याने. तिन्ही उत्तरं सुरक्षित बाजूची. तुमच्या वेलीची जागा ठरावीक आणि संख्या तुरळक हे तर दिसतंच आहे. पसारा मात्र जात ठरल्याशिवाय सांगता येणार नाही. व्हिन्सिफोलिया निघाली तर एक उत्तर, दुसरं काही निघालं तर दुसरं. यासाठी शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात जाच. डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सेरोपेजियांवर वर्षानुवर्षं काम केलंय. तिथल्या वनस्पतिसंग्रहात वाळवलेले नमुने आहेत, त्यांच्याशी तुमचे फोटो ताडून बघता येतील. राजाराम तलाव तिथून जवळच आहे, पाखरांची फेरीही उरकेल.

आता ती चूक. ऐन उमेदीत मला एका डोंगरउतारावर, झाडीच्या कडेला, अकरा वेली मिळाल्या. पुढच्या वर्षी नेमक्या सापडाव्यात म्हणून प्रत्येकीशेजारच्या झुडपाला लाल रिबीन बांधली. केवढा अभिमान वाटला होता, म्हणून सांगू! पुढच्या श्रावणात गेलो तर रिबिनी होत्या. सात ठिकाणी रिबीन होती आणि खाली खड्डा होता. कंदीलपुष्पाचा कंद खातात, गोडसर लागतो; गुराख्यांच्या पोरांना तो ठाऊक असतो, साळिंदराला आणि रानडुकरालाही. पण साळिंदर उकरतं तेव्हा माती विस्कटलेली असते, कुरतडलेले तुकडे पडलेले असतात. माझे खड्डे टोकदार काठीने नीट, गोल काढलेले होते, त्या सातही रिबिनींखाली एकेक. मी त्या पोरांना दोष देत नाही. मीच पाट्या लावून ठेवल्या होत्या.

तेव्हापासून खुणा वहीत. मोठा दगड किंवा ओळखीचं झाड धरायचं, तिथून होकायंत्राने दिशा आणि टेपने अंतर. जागेवर काहीही बांधायचं नाही. फोटो टाकताना फोनमधलं लोकेशन बंद. आयनॅचरलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर धोक्यातल्या जातींची नेमकी जागा आपोआप धूसर केली जाते, पण त्यावर विसंबू नका, स्वतःहून लपवा. शेकाट्याच्या नोंदी मात्र ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर तारीख-वेळ-जागेसकट खुशाल टाका. जगजाहीर होण्याने त्याचं काही बिघडत नाही. तुलनेचा हाही एक मुद्दा आहे बरं का, तुमच्या अहवालात शोभेल: एकाची माहिती उघड करणं हे संरक्षण, दुसऱ्याची झाकणं हे संरक्षण.

कायद्याचंही तसंच. पाखरांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बऱ्यापैकी छत्र दिलं. वनस्पतींसाठी त्यात वेगळं परिशिष्ट आलं ते १९९१ च्या दुरुस्तीत, आणि तेव्हा त्यात नावं होती सहा. देवराईतल्या वेलीला कायद्यापेक्षा देवाचाच आधार जास्त. तोही आता डळमळतोय. देवावरची श्रद्धा कमी झाली म्हणून नाही, उलट ती वाढलीय म्हणून. जुन्या कौलारू देवळाचा जीर्णोद्धार होतो, स्लॅब पडतो, भोवती पेव्हिंग ब्लॉक बसतात, जत्रेला मांडव हवा म्हणून कडेची ‘झाडी-झुडपं’ ग्रासकटरने साफ होतात. मोठं झाड कुणी तोडत नाही, देव कोपेल. पण तुमची वेल राहते ती नेमकी त्या कडेच्या झुडपांत. गावच्या पुजाऱ्यांना आणि सरपंचांना भेटून ग्रासकटर कोणत्या महिन्यात फिरतो एवढं विचारा. नोव्हेंबरनंतर, शेंगा फुटून वेल वाळल्यावर फिरत असेल तर चिंता कमी. ऑगस्टमध्ये फिरत असेल तर तुमच्या १४ आणि ९ चं कोडं तिथेच सुटेल.

आतापर्यंतचं एकदा जोडून बघू. शेकाट्याचं शून्य ऋतूचं आहे, त्याची तुलना पुढच्या जानेवारीशी करा. वेलींची घट खरी आहे की नजरेची हे दोघींच्या वेगळ्या मोजणीने ठरवा. जात पक्की करा. आणि तुलनेच्या तक्त्यात ‘किती टक्के घटलं’ याऐवजी ‘परत यायला काय लागेल’ हा रकाना ठेवा.

वेळेचं म्हणाल तर तुम्ही नशीबवान आहात. वेली पहिल्या पावसाबरोबर उगवतात, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेंगा, मग जमिनीवर काही उरत नाही. शेकाटे रंकाळ्यावर भरतात ते त्यानंतर. म्हणजे एकाचं काम संपतं तिथे दुसऱ्याचं सुरू. सहा महिन्यांत दोन्ही बसतं. ‘पक्षी की फूल’ अशी निवड करायची गरजच नाही. देवराई अभयारण्याच्या हद्दीत येत असेल तर वनखात्याची परवानगी आधी घ्या, ती मिळायला वेळ लागतो. कंद उकरून बघायचा मोह झाला तर आवरा.

सध्या करण्यासारखं एकच काम आहे आणि ते याच पंधरवड्यात करा, कारण पाऊस उकरल्याच्या खुणा बुजवून टाकतो. गेल्या वर्षीच्या ज्या पाच जागी यंदा वेल दिसली नाही, तिथे पुन्हा जा. खाली बसून माती बघा: सपाट, पालापाचोळ्याने झाकलेली, जशीच्या तशी आहे, की उकरलेली? उकरलेली असेल तर विस्कटून की नीट गोल? प्रत्येक जागेचा एक फोटो, शेजारी मापाला पेन ठेवून. तेवढे पाच फोटो मला पाठवा, मग पुढचं बोलू.